पांढऱ्याचा दुसरा हात

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याचबद्दल थाप मारत बसलो होतो. संगरूरच्या अलीकडे एका गावात, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात. माझा धंदाच तो. क्लचप्लेटा आणि बेअरिंगं घेऊन हा मुलूख मी इतका पालथा घातलाय की ढाब्यांवरची कुत्री मला नावाने ओळखतात आणि वळण आलं की माझी गाडी आपणहून इंडिकेटर देते. दुकानाच्या सरदारजींना मी सांगत होतो की आमच्या वरच्या मजल्यावर एक चित्रकार बाई आहे, तिने घरातल्या भिंतीवर एवढं मोठं चित्र काढलं की ते पुरतं दिसावं म्हणून लोकांना समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जावं लागलं. सरदारजींच्या हातातली लस्सी तशीच राहिली होती. तेवढ्यात ग्रेवालजींचा फोन आला. ग्रेवालजी म्हणजे मंदाचे घरमालक, चंदीगडजवळ झिरकपूरला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. म्हणाले, "भाई साहब, मंदा जी पूरे हो गए." इकडे पंजाबीत माणूस मरत नाही, पूरा होतो. मी "अच्छा जी" म्हणालो आणि फोन खिशात टाकला. सरदारजी वाट बघत होते. "फेर?" त्यांनी विचारलं, "फेर की होया जी?" गोष्ट अर्धी राहिली होती ना... आणि मला पुढचं एक अक्षर सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा.

मंदाची आणि माझी ओळख भांडणातून झाली. आम्ही झिरकपूरला नवीन राहायला आलो होतो आणि आमच्या बाल्कनीत वरून पांढरे थेंब पडायचे. बायकोच्या वाळत घातलेल्या साड्यांची पार चांदणी रात्र झाली. मी तणतणत वर गेलो, दार उघडंच होतं, आणि आत एक ठेंगणी बाई स्टुलावर उभी राहून भिंतीकडे बघत होती. मी हिंदीत सुरुवात केली, पण राग वाढला की माझं कोल्हापूर बाहेर येतं, तसं ते आलं. ती वळली. "अरे वा," म्हणाली, "शिव्या चांगल्या देता. कुठले म्हणायचे?" मी म्हटलं कोल्हापूरचा. "मी अमरावतीची. आता आलेच आहात तर हे धरा." आणि तिने माझ्या हातात रोलर दिला. समोरच्या भिंतीवर, छताला टेकलेला, लालभडक ट्रॅफिक जॅम होता... आमचाच, विमानतळाच्या रस्त्यावरचा, आणि प्रत्येक गाडीत एकच माणूस, प्रत्येक माणूस हॉर्नवर डोकं टेकून झोपलेला. मी बघतच राहिलो. रोज सकाळी त्या रस्त्यावर मी असाच बसतो. "झालं का पाहून?" तिने विचारलं. "आता पुसा." मी म्हटलं, अहो, एवढं चांगलं चित्र. तर म्हणे, "काहून? तुम्ही पाहिलं ना? मग झालं की त्याचं काम."

तिचं सगळं काम असंच होतं. चित्रकला शिकायला म्हणून ती तरुणपणी चंदीगडला आली, लग्न केलं, मुलगी झाली, नवरा वेगळा झाला, आणि ती परत गेली नाही. एके काळी तिची चित्रं कलादालनांमधून लागायची, विकली जायची. मग तिचं काय बिनसलं कोण जाणे. म्हणाली, लोक चित्र विकत घेतात आणि सोफ्याच्या वर टांगून त्याच्याकडे पाठ करून बसतात. तेव्हापासून ती फक्त त्या भाड्याच्या हॉलमधल्या एका भिंतीवर चित्र काढायची. पुरं झालं की संध्याकाळी लोकांना बोलवायची. दारात चपला काढायच्या आणि फोन प्रेशर कुकरमध्ये टाकायचे. कुकरचं झाकण लागायचं. आत कुणाचा फोन वाजला की वाटायचं आतली डाळ गाणं म्हणतेय. मग चित्र बघायचं, हवं तितका वेळ. आणि नंतर बघणाऱ्यांनीच त्याच्यावर पांढरा रंग मारायचा. पहिला हात मारला की मंदा जेवायला वाढायची, पिठलं-भात आणि मिरचीचा ठेचा, कारण पहिल्या हातातून खालचं सगळं दिसत राहतं आणि तो वाळल्याशिवाय दुसरा मारता येत नाही. तेवढ्या वेळात जेवण. त्या पुसट चित्रासमोर बसून सगळे जेवायचे, आणि खरी बोलणी तेव्हा व्हायची. जेवण झालं की दुसरा हात, आणि आपापल्या घरी. दुसरा हात मारल्याशिवाय कुणाला कुकरमधला फोन परत मिळायचा नाही.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, एक विक्षिप्त बाई. पण रोलर हातात घेऊन एकदा उभं राहून बघायला हवं होतं तुम्ही. आमच्या इमारतीत तेव्हा नोटीस लागली होती की घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. मंदाने भिंतीवर आमची लिफ्ट काढली, खऱ्या मापाची, दार उघडं, आणि आत इमारतीतल्या सगळ्या कामवाल्या उभ्या. खांद्याला खांदा लावून, थेट तुमच्या डोळ्यांत बघत. आणि बोलावलं कुणाला, तर सोसायटीच्या कमिटीला. सेक्रेटरी साहेब टाय लावून आले होते. त्यांच्या हातात रोलर दिला तेव्हा त्यांनी पायांपासून सुरुवात केली. पाय झाले, साड्या झाल्या, हात झाले. मग चेहरे आले. पहिलाच चेहरा त्यांच्या स्वतःच्या घरी पोळ्या करणाऱ्या बाईचा होता. साहेब रोलर वर धरून उभे राहिले, कोपरापर्यंत रंग ओघळत आला तरी. शेवटी म्हणाले, "मॅडम, ये आप किसी और से करवा लीजिए." मंदा म्हणाली, "जी, खाना गरम है, कोई जल्दी नहीं." दुसऱ्या दिवशी ती नोटीस भिंतीवरून उतरली असं मी लुधियान्यापासून हिसारपर्यंत सांगत आलोय. तशी ती लगेच उतरली नव्हती. जिन्याच्या रंगकामात कधीतरी आपोआप गेली. पण सेक्रेटरी साहेब त्यानंतर कितीतरी दिवस जिन्याने जायचे, ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

फोटो ती एकही काढू द्यायची नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, तू उद्या गेलीस तर मागे काय राहणार? नुसती पांढरी भिंत?" तर हसली. म्हणे, "तू आहेस ना कोल्हापूरकर. तू सांगत फिरजो. फोटो जेवढा असतो तेवढाच राहतो, बाप्पा. तुझ्या तोंडात ते वाढत जाईल." मी म्हटलं, मी तर थापा मारतो. म्हणाली, "म्हणून तर तुले ठेवलंय. खरं सांगणारे लोक एकदा सांगतात अन् विसरून जातात." आणि ती भिंतसुद्धा खरोखरच वाढत होती. इतके थर बसले की विजेचा स्विचबोर्ड भिंतीच्या आत आत जायला लागला. आमच्या ओळखीचा एक साताऱ्याचा पोरगा चंदीगडच्या सेक्टर ३९ मध्ये संशोधन संस्थेत गव्हावर काम करतो. त्याने एकदा निघालेली खपली हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, "काकू, ही तर झाडाच्या खोडासारखी आहे. पांढरं, रंग, पांढरं, रंग." दिवा लावायला बोट असं खोल घालावं लागायचं. मी लोकांना सांगतो की मनगटापर्यंत हात जायचा.

आता ज्याच्याबद्दल मी कधीच कुठे बोललो नाही, त्याच्याकडे येतो.

मंदाची मुलगी इरा. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. लहानपणी माझ्या गोष्टी ऐकायला खाली यायची आणि मध्येच म्हणायची, "काका, इतना भी मत फेंको." तिची बारावी जवळ आली तेव्हा मंदाने तिला सेक्टर ३४ मधल्या एका क्लासला घातलं. मी चाट पडलो. जगाला रोलर हातात घ्यायला लावणारी ही बाई, पण पोरीच्या प्रवेश परीक्षेपुढे ती चारचौघींसारखीच आई झाली. इरा नको म्हणत होती. तिला कपडे शिवायचे होते, कापायचे होते, रंगवायचे होते. मंदा म्हणायची, "माझ्यासारखं नाही जगायचं तुले. आधी काहीतरी पक्कं कर." वर्षभर पोरगी पहाटे बस पकडून गेली. परीक्षा झाली, निकाल लागला, आणि इराचं नाव कुठे नव्हतं.  मंदा त्या दिवसांत वही घेऊन सेक्टर ३४ ला जाऊन बसायला लागली, चहाच्या टपरीवर, जिथे ती सगळी पोरं उभी असतात. ज्यांचं झालं नाही त्यांना विचारून विचारून ती त्यांचे चेहरे काढायची.

आणि मग भिंतीवर आलं एक होर्डिंग. तुम्ही चंदीगडला आला असाल तर क्लासवाल्यांची ती होर्डिंगं बघितलीच असतील, पिवळी-लाल, पोस्टाच्या तिकिटासारखे चेहरे आणि खाली पोरांचे नंबर. मंदाने हुबेहूब तसं काढलं, पण चेहरे सगळे नापास झालेल्यांचे. नंबराच्या जागी त्या वर्षी त्या पोराने काय केलं ते. एकाखाली लिहिलं होतं, 'दादाजी को रोज़ नहलाया'. एकाखाली, 'हॉस्टल की छत से पतंग गिने'. त्या संध्याकाळी घर खच्चून भरलं होतं. मोहालीच्या कंपन्यांमधली आपली मराठी पोरं, क्लासचे एक सर, दोन-चार आया. आयांमधली एक पदर तोंडाला लावून उभी होती. आणि तेवढ्यात दारात इरा आली. ती मैत्रिणीकडे गेली होती, लवकर परतली. दारातूनच तिला ती भिंत दिसली, वर मोठ्या अक्षरांत 'हमारे फ़ेल', आणि त्या चेहऱ्यांमध्ये स्वतःचा चेहरा. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिने काढलेली एक चप्पल परत पायात घातली आणि जिना उतरून गेली. पुढच्या महिन्यात बेंगळुरूला गेली, शिकली, तिथेच नोकरीला लागली. दिवाळीला दोन दिवस यायची. हॉलमध्ये जेवायला बसली की भिंतीकडे पाठ करून बसायची.

त्या संध्याकाळी लोकांनी बाकीचे सगळे चेहरे पांढरे केले. इराच्या चेहऱ्यापाशी रोलर आला तेव्हा मंदा मध्ये उभी राहिली. "हा राहू द्या," म्हणाली, "हा तिच्या हातचा आहे. तिनंच पुसायचा." दुसऱ्या दिवशी तिने मला वर बोलावलं आणि आम्ही दोघांनी मिळून लोखंडी कपाट सरकवून त्या चेहऱ्यापुढे उभं केलं. त्यानंतरची तिची सगळी चित्रं त्या कपाटाच्या कडेपाशी येऊन थांबायची. मी कितीदा म्हटलं असेल, अगं, पोरगी आली की कपाट सरकव आणि दाखव तिला. ती मान हलवायची. "मी दाखवलं तर पुन्हा माझंच ऐकल्यासारखं होईल. तिनं विचारलं पाहिजे." इराने कधी विचारलं नाही. दोघी एकाच मातीच्या. मी पोटात एक अख्खं कपाट घेऊन फिरत होतो, आणि माझ्यासारख्याला ते किती जड झालं असेल ते माझी बायकोच जाणे. पण काय ते तिलासुद्धा सांगितलं नाही मी.

मग आजार आला. इरा सुट्टी काढून आली, दवाखान्यात आईच्या उशाशी बसली, गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या, सूप भरवलं, केस विंचरले. दोघी खूप बोलायच्या म्हणे. सूप खारट झालंय का, खिडकी लावू का, असलं. मी शेवटचा भेटायला गेलो तेव्हा इरा खाली औषधं आणायला गेली होती. मंदा पार चिमणीएवढी झाली होती, हे वाढवून सांगत नाही. म्हणाली, "लिफ्टचं सांग." मी लिफ्टची गोष्ट सांगितली, त्यात सेक्रेटरीला चक्कर आणली, त्याचा टाय पिठल्यात बुडवला. ती हसली, मग खोकला आला, मी पाणी दिलं. तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाली, "कपाटाचं मात्र वाढवून सांगू नको तिला. जसं आहे तसं दाखवजो." मी म्हटलं, तूच दाखव की आता, येतेच आहे ती वर. तिने हात हलवला, राहू दे, अशा अर्थाने... त्याच आठवड्यात मी संगरूरला गेलो होतो.

महिनाभराने इरा घर रिकामं करायला आली. मे महिना, बाहेर लूचा तापलेला वारा वाहत होता. ग्रेवालजींनी घाई अशी काही केली नव्हती. पण ते एवढंच म्हणाले होते की भिंत खरवडून, पुट्टी भरून घेतो, मग कुणी भाडेकरू येईल. मी सकाळीच वर गेलो. इरा स्वयंपाकघरात डबे पुसून खोक्यात भरत होती. मी म्हटलं, "इरा, ते हॉलमधलं कपाट..." ती म्हणाली, "वो कबाड़ीवाला ले जाएगा, काका." मी म्हटलं, "ते मला आधी सरकवायचंय. तू जरा ये." माझा आवाज वेगळा लागला असणार, कारण ती फडकं हातात तसंच घेऊन आली. मी खांदा लावला. कपाट किरकिरत बाजूला झालं.

आता नीट ऐका, इथे मी काही वाढवलेलं नाही. चेहरा तळहाताएवढा होता. पिवळ्या पट्टीवर, थोडा मान वळवलेला, कानामागे पेन्सिल खोचलेली, धुळीने जरा मळलेला. कपाटाबाहेरची सगळी भिंत बोटभर पुढे आली होती, त्यामुळे तो देवळीत ठेवल्यासारखा आत दिसत होता. आणि खाली मंदाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'साल भर मना करती रही। माँ ने नहीं सुना।'

इराने ते वाचलं. परत वाचलं.

"ये उस दिन भी लिखा था?"

"त्याच दिवशीचं आहे सगळं."

"मैंने पढ़ा ही नहीं."

"तू दारातून गेलीस, बाळा. दारातून एवढं बारीक दिसत नाही."

"सब लोगों ने पढ़ा था?"

"सगळ्यांनी. ते क्लासचे सर आहेत ना, त्यांनी तर चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला."

ती खाली फरशीवर बसली, फडकं मांडीवर ठेवून.  मी स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ बंद करून आलो. मग म्हणाली, "मिटाया क्यों नहीं?" मी म्हटलं, "म्हणाली, हा तिच्या हातचा आहे." इराने मान हलवली. ह्या घराचा कायदा तिला मी सांगायची गरज नव्हती, ती त्यातच वाढली होती. उठली आणि म्हणाली, "रोलर बाल्कनी में ही होगा ना?"

बादलीत तळाला डिस्टेंपर होतं, गुठळ्या झालेलं. तिने पाणी घालून ढवळलं, आईच्या जुन्या ओढणीतून गाळून घेतलं. रोलर ओला केला, कडेला निथळला, अगदी मंदा करायची तसा. आणि स्वतःच्या चेहऱ्यावर पांढरा हात मारला, वरून खाली, एकदाही न थांबता. मला बघवेना, म्हणून मी पिठलं करायला गेलो. गुठळ्या त्यातही झाल्या. ठेचा नव्हता, लोणचं होतं. ताटं घेऊन हॉलमध्ये आलो तर ती फरशीवर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. पहिल्या हातातून तिचा चेहरा दिसत होता, धुक्यातल्यासारखा. अक्षरं सुद्धा दिसत होती, माहीत असतील तर. आम्ही जेवलो. मध्येच घास हातात धरून ती म्हणाली, "काका, वो लिफ्ट वाला बताओ." मी सांगितलं. टाय पिठल्यात बुडवला तेव्हा ती म्हणाली, "इतना भी मत फेंको," आणि मग ओंजळीत तोंड घालून रडली. तिचं ताट मी बाजूला सरकवलं.

संध्याकाळी ग्रेवालजी किल्ली घ्यायला वर आले. भिंतीपाशी गेले, वाकून बघितलं, मागे सरले. इरा म्हणाली, "अंकल जी, दूसरा कोट बाकी है. सूख जाए तो मार के चाबी देती हूँ." ग्रेवालजींनी पगडीवरून हात फिरवला. ह्या माणसाने इतकी वर्षं स्वतःची भिंत जाड होताना पाहिली होती आणि भाड्याशिवाय दुसरा शब्द काढला नव्हता. म्हणाले, "सुक्कण दे, पुत्त. आराम नाल." सावकाश वाळू दे, असं म्हणून किल्ली न घेताच खाली गेले. दुसऱ्या दिवशी इराचं विमान होतं. जाताना तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. "काका, सूख जाए तो बताना. दूसरा हाथ मैं ही मारूँगी."

आता जूनही अर्धा सरला. झिरकपूर असं तापलंय की आमच्या बाल्कनीत ठेवलेला पापड आपोआप भाजला जातो. ग्रेवालजींनी अजून कुणाला घर दाखवलेलं नाही, मीही विषय काढत नाही. रविवारी इराचा फोन येतो. हवापाणी, जेवण, ऑफिस सगळं बोलून झालं की शेवटी विचारते, "काका, सूखा क्या?" काल विचारलं तेव्हा मी फोन तसाच कानाला लावून वर गेलो. कुलूप उघडलं, स्विचबोर्डात बोट खोल घालून दिवा लावला, आणि भिंतीवर तळहात टेकवला. खडखडीत कोरडी. हाताला नुसती पांढरी भुकटी लागली. पांढऱ्याखालून ती बघत होती, कानामागे पेन्सिल खोचून.

"नाही गं," मी म्हटलं, "अजून ओलंच आहे."